चौतीस फेरे

घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर, आरशाच्या खिळ्याला ती कॉइल लटकलेली असायची. तांब्याच्या तारेचा लांबट वेढा, जळून काळा पडलेला. आठ वर्षांत तिच्यावर धूळ बसली, पालीने तिच्या आडोशाला अंडी घातली. दर एप्रिलात जयंतीच्या आधी भिंत रंगवताना अंजनाबाई ती काढून बाजेवर ठेवायची आणि रंग वाळला की पुन्हा अडकवायची. दारात भंगारवाला आला की तिच्याकडे बोट दाखवायचा.

"ते नाई गा," अंजनाबाई म्हणायची. "ते माह्या पोराच्या गळ्यातलं आहे."

पोराचं नाव नागसेन. बाप देवराव लवकर गेला. नागसेन अकरावीत होता आणि शाळा सुटली की मूल गावात वारलू मिस्त्रीच्या दुकानात मोटर भरायला शिकायचा. मोटर भरणं म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी तार बसवणं. लोखंडाच्या खाचा असतात, त्यांत कागद घालायचा, कागदात कॉइल बसवायची, आणि कॉइल बाहेर येऊ नये म्हणून खाचेच्या तोंडावर बांबूची कामटी ठोकायची. मग सगळ्यावर वार्निश. प्रत्येक कॉइलला तारेचे ठरलेले फेरे असतात. कमी पडले तर मोटर तापते आणि जळते. हे सगळं त्याच्या धाकट्या बहिणीला, संघप्रियाला, पुढे कळलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

धान निघण्याचे दिवस होते. भैयाजींच्या राइस मिलची पंधरा हॉर्सची मोटर जळाली, ती मिस्त्रीच्या दुकानात भरली, नऊ दिवस चालली आणि पुन्हा जळाली. मिलच्या दारात धानाच्या बैलबंड्या उभ्या. भैयाजी मोटर टेम्पोत टाकून दुकानात आले आणि बाजाराच्या दिवशी, सगळ्यांदेखत, मिस्त्रीला नको ते बोलले. मिस्त्रीने मोटर उघडली. आत पाहिलं. एक कॉइल ओढून बाहेर काढली आणि म्हणाला, "या पोट्ट्यानं फेरे कमी टाकले. चौतीस सांगतले होते, यानं एकतीस टाकले."

मोजले कोणीच नाहीत.

मग मिस्त्रीने ती कॉइल नागसेनच्या गळ्यात घातली आणि त्याला बाजारातून चालवत बस स्टँडपर्यंत नेलं. मागे दुकानातली दोन पोरं. भाजीवाल्या बाया हसल्या, काही हसल्या नाहीत. नागसेन तशीच कॉइल घालून एसटीत बसला, तशीच घालून सावली गावच्या रस्त्यावरच्या फाट्याला उतरला आणि तशीच घालून अंगणात येऊन उभा राहिला. मानेवर काजळीचा पट्टा उमटला होता. अंजनाबाईने ती काढली तेव्हा तो फक्त एवढंच बोलला, "मी चौतीसच टाकले होते, माय."

त्यानंतर सावलीपासून चामोर्शीपर्यंत कोणी त्याला दुकानात उभं केलं नाही. शाळाही सुटली. आता तो दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातो. तीन महिने हातांची आग होते, जेवतानाही होते. बाकीचे नऊ महिने मिळेल ते.

संघप्रिया दहावी झाली तेव्हा मूलच्या शाळेत अकरावीला धंदेशिक्षण आलं होतं. आठवड्याचे तीन दिवस वर्ग, तीन दिवस एखाद्या दुकानात काम, बारावीला बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा. सरांनी पोरींसाठी शिवणकाम लिहून ठेवलं होतं.

"मले मोटर पायजे," ती म्हणाली.

"कुठल्या दुकानात जाशील? तिथं सगळी पोरं असतात."

"वारलू मिस्त्रीच्या."

घरी अंजनाबाईने चुलीपुढून मान वर केली नाही. "दर रविवारी विहारात बसते, सगळ्यायचं भलं होवो म्हणते," ती म्हणाली. "अन् पोटात हे घेऊन चालली."

"विहारात तू पण बसते, माय. मग ते खिऱ्याले काऊन टांगून ठेवलं आहे?"

तव्यावर भाकरीची एक कड जळाली.

वारलू मिस्त्री साठीकडे झुकलेला, डावखुरा, बारीक. दुकानात बसायचा तेव्हा चष्मा कपाळावर आणि सुरा मांडीखाली. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कोणाची व तू?"

"नागसेनची बहीण."

बाकावरची पोरं फिसकन हसली. तिला कळेना का. मिस्त्रीने चष्मा खाली घेतला, तिला पाहिलं आणि तोही हसला. "बापा! म्हंजे घरच्या घरीच आहे तुमच्या. भावासारखी मोजू नोको, म्हंजे झालं."

दुपारपर्यंत तिला कळलं. दुकानातला मोठा कारागीर निकेश कॉइल गुंडाळताना आकडा विसरला, आणि चहा आणणाऱ्या लहानग्यापासून सगळे एकदम ओरडले, "झाला नागसेन!" कोणाचं सोल्डर सुटलं तर नागसेन. कोणी उलटा पंखा फिरवला तर नागसेन. यांतल्या एकाही पोराने तिच्या भावाला पाहिलं नव्हतं. त्यांच्यासाठी ते माणसाचं नाव नव्हतंच, बिघडलेल्या कामाचं नाव होतं. निकेशने ते आधीच्या पोरांकडून घेतलं होतं आणि पुढच्यांना दिलं होतं, पक्कड देतात तसं.

ती दोन वर्षं ते ऐकत राहिली. दिवसातून चार वेळा, सहा वेळा. उत्तर दिलं नाही. रागाला तोंड असतं तर तो बोलून संपला असता. तिचा राग हातात उतरला. ती कागद असा कापायची की दोन कडांत केसाइतकाही फरक नसायचा. कॉइल गुंडाळताना ओठ न हलवता मोजायची आणि एकदाही चुकली नाही. मिस्त्री तिची कॉइल हातात घेऊन पुन्हा मोजायचा, दोनदा मोजायचा, आणि बरोबर निघाली की थोडा नाराज व्हायचा. महिन्याभराने त्याने मोजणं सोडलं.

आणि तो चांगलं शिकवायचा. हे तिला सगळ्यात जास्त सलायचं. वार्निश केव्हा पक्कं झालं ते वासावरून कसं ओळखायचं, बेअरिंगचा आवाज स्क्रूड्रायव्हर कानाला लावून कसा ऐकायचा, त्याने काही लपवलं नाही. एकदा तिच्या बोटाला तार लागली तेव्हा स्वतः उठून हळद बांधली. ती हळद तिने रस्त्यात, एसटीत बसण्याआधी, नळाखाली धुऊन टाकली.

एक गोष्ट मात्र तो कोणाला करू द्यायचा नाही. बांबू. कामट्या फक्त मिस्त्रीच्या हातच्या. त्याचे सोयरे आलापल्लीकडचे, दर हिवाळ्यात तिकडून बांबू यायचा, तो वर्षभर दुकानाच्या टिनावर वाळायचा आणि मग मिस्त्री डाव्या हातात सुरा धरून त्याच्या कामट्या काढायचा. सगळ्यांचा उतार एकसारखा, डावीकडे.

"मले एक छाटू द्या न, मिस्त्री," निकेश दर चार महिन्यांनी म्हणायचा.

"बांबूले दुसऱ्याचा सुरा लागला का मोटर रुसते, बाबू. तू बायको पाय, मी बांबू पायतो."

बारावीच्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याची पाण्याची मोटर जळून आली. मिस्त्रीने संघप्रियाला जुनी तार काढायला सांगितली. तिने कॉइलमध्ये आकडी अडकवली आणि ओढली. हलली नाही. पाय टेकवून ओढली. मिस्त्री पाहत होता, हसत होता.

"ओढून निघते का व? कामटी बसली असंन अन् वार्निश पिलं असंन, तं बैलजोडी लाव, निघाची नाई. छिन्नी घे. एका अंगानं काप, मंग दुसऱ्या अंगानं ओढ. अख्खी कॉइल कधी बाहेर येत नाई."

तिने छिन्नी घेतली. हात काम करत राहिले. पण डोक्यात भिंत उभी राहिली, भिंतीवर आरसा, आरशाखाली कॉइल. अख्खी.

त्या संध्याकाळी तिने ती खिळ्यावरून उतरवली आणि उजेडाकडे धरून चारी अंगांनी बोट फिरवलं. छिन्नीचा वण कुठेच नव्हता. मग जळून चिकटलेल्या तारा नखाने सोडवत तिने फेरे मोजले. चौतीस. पण एका कॉइलने काय होतं? मिस्त्री म्हणेल, कोण्या दुसऱ्या मोटरीची आणली. तिने नागसेनला फोन लावला.

"दादा, तुह्या गळ्यातली कॉइल मिस्त्रीनं काढली कशी होती?"

पलीकडे वारा वाजत होता. "दोन बोटानं ओढली. आली."

"अन् कामट्या?"

"कामट्यायचं काय?"

"दादा."

"ओल्या होत्या," तो म्हणाला. "त्या साली वारलेला बांबू सरला होता. भैयाजी घाई करून राह्यले होते. मिस्त्रीनं हिरवाच छाटला. मी बाजूले कागद लावत होतो, माह्या बोटाले पाणी लागलं."

मोटर तापली की ओला बांबू वाळतो, आकसतो, खाचेतून सुटतो. मग तार वर येते आणि फिरत्या रोटरला घासते. दुकानात नवा आलेला पोरगाही हे सांगेल. मिस्त्रीला ते कॉइल बोटांनी निघाली त्याच क्षणी कळलं असणार. त्याने पाहिलं, समजून घेतलं, आणि सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या गळ्यात घातलं.

"मंग तू बोलला काऊन नाई?"

"त्याच्या दुकानात बांबूवर कोणी बोलते का? सोळा वरसाचा होतो व मी." मग, "जाऊ दे न. मिरची तोडता तोडता माहे हात जळून गेले, अन् तू बांबू घेऊन बसली."

तिने फोन ठेवला. पुढचे तीन दिवस तिला मिस्त्रीपेक्षा भावाचाच जास्त राग आला. चौथ्या दिवशी ती भैयाजींच्या मिलवर गेली.

त्या साली चिडून भैयाजींनी नवी मोटर घेतली होती. जुनी मिलच्या मागे, कोंड्याच्या पोत्यांखाली पडली होती. तिने पोती सरकवली. गंजलेलं झाकण बाजूला केलं. आत खाचांत काळ्या कॉइली, आणि एका ठिकाणी दोन रिकाम्या खाचा. पडलेल्या दातांसारख्या. तिने त्यांत बोट घातलं आणि तसंच थोडा वेळ ठेवलं.

"हे भंगार कायले पायजे व?" भैयाजींनी विचारलं. त्यांना ती कोण हे आठवलं नाही. आठवण्याचं काही कारणही नव्हतं.

"परीक्षेले, भाऊ. बारावीले सगळ्यायले एक जुनी मोटर आणाची आहे. तुमची सही लागंन."

"ने, ने. पोरी पुढं गेल्या पायजे." ते खूश झाले. "फोटो काढू एक. ग्रुपवर टाकतो."

"परीक्षेलेच या न, भाऊ. पयली कॉइल तुमच्या हातानं काढू."

परीक्षा फेब्रुवारीत, मिस्त्रीच्याच दुकानाच्या अंगणात. पहिल्या दिवशी जुनी मोटर उघडून मोजमाप काढायचं, दुसऱ्या दिवशी नवी तार भरायची. चंद्रपूरहून परीक्षक आले होते. शाळेचे सर होते. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून, कारण शाळेने त्याला प्रशिक्षक म्हणून प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं होतं. बाकावर दुकानातली पोरं. भैयाजी खुर्चीत, हातात फोन.

हमालाने मोटर मिलवरून थेट हातगाडीवर आणली. वरचं पोतं काढलं तसा मिस्त्री जागचा उठला. आधी नंबरपट्टी पाहिली. मग खाचा.

"हे नोको," तो म्हणाला. "हे भंगार आहे. माह्याकडं दुसरी आहे, ते घे."

परीक्षकांनी कागद पाहिला. "यादीत हीच लिहिली आहे. करा सुरू."

संघप्रियाने दप्तरातून आईच्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली कॉइल काढली आणि त्या दोन रिकाम्या खाचांत ठेवली. बसली. जशी काही कधी निघालीच नव्हती.

"हे काय होय?" लहानग्याने विचारलं.

"नागसेन," ती म्हणाली.

पोरं हसायला गेली आणि अर्ध्यात थांबली, कारण मिस्त्री हसत नव्हता.

"या, भाऊ," ती भैयाजींना म्हणाली. "बाजूची ओढा."

"कायनं ओढू?"

"हातानंच."

भैयाजींनी फोन सरांकडे दिला, बाह्या सरकवल्या आणि ओढली. कामट्या खडखडत खाली पडल्या आणि कॉइल सरळ त्यांच्या हातात आली. "आली पाय!" ते ओरडले. "काढा फोटो, सर!"

त्या अंगणात जे चार-पाच जण रोज छिन्नी चालवत, त्यांना सगळ्यांना एकच गोष्ट दिसली होती. निकेशच्या तोंडून ती निघाली. "मिस्त्री, हे हातानं कशी निघाली?"

संघप्रियाने खाली पडलेली एक कामटी उचलली. आठ वर्षांत ती खाचेपेक्षा बरीच बारीक झाली होती, वाकडी झाली होती. उतार डावीकडे. तिने ती निकेशच्या तळहातावर ठेवली.

"निकेशभाऊ, या दुकानात बांबू कोण छाटते?"

"मिस्त्रीच," तो म्हणाला. विचार न करता, रोजचा नियम सांगावा तसा. मग त्याने कामटी उलटी करून उतार पाहिला आणि मान खाली घातली.

"आठ वरसं झाली त्याले," मिस्त्री म्हणाला. "बांबू वारते."

"वारलेला बांबू पुन्ना वारत नाई, मिस्त्री. तुमीच शिकवलं."

भैयाजी अजून खुर्चीकडे परत गेले नव्हते. ते नंबरपट्टीकडे पाहत होते. "वारलू, हे माही ते मोटर होय का? धानाच्या वक्ती जळाली होती ते?"

"फेरे कमी होते," मिस्त्री म्हणाला. "एकतीस होते. मी तवाच सांगतलं."

"मंग मोजा," संघप्रिया म्हणाली. तिने भिंतीवरची कॉइल खाचेतून काढली आणि त्याच्या पुढे धरली.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "बाई, हे काही परीक्षेत नाही."

"आहे, सर. पयल्या रकान्यात फेरे लिहाचे आहेत."

त्यांनी कागद पाहिला. होतं.

"मोज न गा," भैयाजी म्हणाले. त्यांचा आवाज आता फोटोचा नव्हता. "मिल बंद होती माही. मले बी पाऊ दे."

मिस्त्री खाली बसला. चष्मा लावला. डाव्या हाताच्या नखाने तो काळ्या तारा एकेक करून सोडवू लागला. "एक. दोन. तीन." बोटं काळी झाली. इस्त्रीच्या शर्टावर काजळी पडली. वीस झाले, पंचवीस झाले. "तीस," तो म्हणाला. "एकतीस." आणि हात मांडीवर ठेवला.

तारा उरल्या होत्या. उन्हात सगळ्यांना दिसत होत्या.

"अजून आहेत," लहानगा म्हणाला.

"बत्तीस," मिस्त्री म्हणाला. "तेहतीस." शेवटचा आकडा तो इतका हळू बोलला की भैयाजींनी विचारलं, "किती?"

"चौतीस."

संघप्रियाने रकान्यात ३४ लिहिलं. त्याच ओळीत पुढे आधी काम केलेल्या कारागिराचं नाव लिहायची जागा होती. ती जागा सगळेच रिकामी सोडतात. तिने तिथे ठळक अक्षरांत लिहिलं, नागसेन देवराव रायपुरे. मग भैयाजींनी काढलेली दुसरी कॉइल मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवली.

"अठरा कॉइली आहेत," ती म्हणाली. "एक झाली."

मिस्त्रीने वर पाहिलं. तो सगळ्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला. "बस झालं न, पोरी. तुले बोटाले धरून शिकवलं मी."

"हाव. शिकवलं." ती त्याच आवाजात म्हणाली. "त्याले बस स्टँडपर्यंत चालवलं होतं. आपण अजून दुकानाच्या दारातच आहो."

तो मोजू लागला. दुसरी चौतीस. तिसरी चौतीस. भैयाजी चौथीला उठून गेले. जाताना त्यांनी सरांच्या हातून फोन घेतला आणि आतले फोटो एकेक करून पुसत चालू लागले. सर सावलीत सरकले. परीक्षकांनी वेळेचे दोन गुण कापल्याचं लिहिलं आणि जेवायला गेले. रस्त्यावरचे दोन-तीन जण फाटकाशी येऊन उभे राहिले होते. मिस्त्री वीस वर्षं मूलच्या मोटरी भरून मोठा झालेला माणूस, तो आपल्याच दारात मातीत बसून आकडे म्हणत होता, आणि बाकावरची पोरं ते ऐकत होती. सहावी. सातवी. त्याचा आवाज बसत चालला. तिने काही थांबवलं नाही. तिला वाटलं होतं की हे पाहताना पोटातलं काही तरी हलकं होईल. झालं नाही. पण ते जड वाटेनासं झालं होतं, आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

आठव्या कॉइलला निकेशने पाण्याचा गिलास आणून दिला. मिस्त्री प्यायला. गिलास खाली ठेवला, कॉइल उचलली आणि तारांकडे पाहत राहिला.

"कितीवर होतो मी?"

बाकावर कोणी तरी "नाग" म्हणून थांबलं. निकेशने मागे वळून पाहिलं.

एकोणीसवर होता. संघप्रियाला माहीत होतं. ती सकाळपासून त्याच्याबरोबर मोजत होती, ओठ न हलवता.

"मिस्त्री," ती म्हणाली, "एकापासून."